माजी विद्यार्थ्यांनो, पटाचं बोला

हल्ली आमच्या शहापूर-मुरबाडकडे दिवाळी झाली, झोडणी आटपली की एक नवीनच सण सुरू होतो. त्याचं नाव माजी विद्यार्थी मेळावा. आधी मोबाईलवर अमुक सालच्या बॅचचा ग्रुप निघतो. माणशी पाचशे-हजार वर्गणी जमते. मंडप पडतो, फेटे येतात, जेवणाचा बेत ठरतो. जे गुरुजी हयात असतील त्यांना शाल-श्रीफळ. मग एकेक जण माईक हातात घेतो. शाळेची कौलं कशी गळायची, शनिवारी पोरींनी शेण आणून वर्ग कसा सारवायचा, पावसात इरलं बाहेर टेकवून ओल्या चड्डीनं गोणपाटावर कसं बसायचं, गुरुजींची छडी कोणी मोडून टाकली, हे सगळं सांगून होतं. दोन-चार जणांचे डोळे भरतात. शेवटी शाळेला एक भिंतीवरचं घड्याळ नाहीतर पाण्याची टाकी भेट. टाकीवर बॅचचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

असे चार-पाच मेळावे मी पाहिले. कोणाच्या हौसेला नावं ठेवायची नाहीत. साठी उलटलेल्या माणसांनी एकमेकांना भेटावं, जुनं बोलावं, त्यात वाईट काय? पण इतक्या भाषणांत एकाही माणसानं उठून असं विचारलेलं मी ऐकलं नाही, की बाई, आज शाळेचा पट किती आहे?

माझं भांडण तेवढ्याच प्रश्नासाठी आहे. आपण शाळेच्या आठवणी काढतो आणि शाळेकडे पाठ फिरवतो. मग सरकार येतं, आपली पाठ मोजतं आणि म्हणतं, इथं शाळेची गरज दिसत नाही.

शाळेनं आपल्याला काय दिलं ते आधी सरळ सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे जन्मतारीख. आमच्या वर्गातले निम्म्याच्या वर १ जूनला जन्मलेले. कोणाच्या आयेला विचारावं तर ती म्हणायची, "होळीच्या अंगाला झाला," नाहीतर, "लावणी अर्ध्यावर आलेली तवाचा." गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का बघायचे आणि १ जून लिहून मोकळे. आज हसू येतं, पण त्या एका ओळीवर आमचा सगळा जन्म उभा आहे. नोकरी लागली ती त्या तारखेवर, निवृत्त झाले ते त्याच तारखेवर. जातीचा दाखला काढायचा, पडताळणी करायची, की नातवंडं धावतात शाळेच्या जनरल रजिस्टरकडे. आज्याचं नाव त्यात आहे का बघा म्हणतात. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायची धावपळ राज्यभर झाली, तेव्हा जुन्या शाळांची हीच रजिस्टरं उघडली गेली. आज्याची नोंद पाहिजे सगळ्यांना. त्याच रजिस्टरात या वर्षी नवीन नावं किती चढली, ते पान कोणी उलटत नाही.

दुसरी गोष्ट अक्षर. मी शिकलो दहावी. पुढे शेती. पण सातबारा वाचता येतो, फेरफार कळतो, तलाठ्याच्या टेबलावर कागद उलटा धरला जात नाही. ज्या वर्षांत आमच्या तालुक्यांतल्या जमिनी दलालांच्या डायऱ्यांत गेल्या, त्या वर्षांत ज्याला चार ओळी वाचता आल्या त्याची जमीन वाचली असं मी म्हणणार नाही, पण आपण काय विकतोय एवढं तरी त्याला कळलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यानं अंगठा दिला, आणि नंतर कळलं की विहिरीची वाटही गेली.

आता मेळाव्याला कोण येतं ते बघा. आमच्या पहिलीच्या वर्गात तीस-बत्तीस पोरं होती. चौथीला पोचली ती निम्मी. दहावीपर्यंत गेलो आम्ही तिघं. एक एसटीत कंडक्टर झाला. एक शिक्षक झाला आणि पेन्शनीत आला. एक जण सातवीतून परळला गिरणीत लागला. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, तो गावी परत आला, आणि उरलेली वर्षं त्यानं मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर रखवाली केली. हे सगळे मेळाव्याला येतात, फेटा बांधतात.

जे येत नाहीत त्यांचं सांगतो. वर्गात पाढे सगळ्यांत आधी एका पोरीचे पाठ व्हायचे. सत्तावीसचा पाढा ती उलटा म्हणायची. तिसरीत तिच्या आयेला पोरगा झाला. आई-बाप लावणीला जाणार, मग पोराला धरायला घरी कोण? ती धरायला राहिली ती कायमची. आज ती बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसते, हिशोबाला कोणाला हार जात नाही. मेळाव्याचं आमंत्रण तिला कधी गेलेलं नाही, कारण ती कुठल्याच बॅचची नाही. बॅच ठरते शेवटच्या वर्गावरून, आणि तिचा शेवटचा वर्ग तिसरी.

दुसरा आमच्या वाडीतला कातकरी पोरगा. जूनमध्ये गुरुजी त्याला घरून आणायचे, नाव चढवायचे. दिवाळी झाली की त्याचं घरदार भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर. पावसाच्या तोंडाला परत. पुन्हा जून, पुन्हा पहिली. चार वर्षं तो पहिलीतच होता आणि पाचव्या वर्षी आला नाही. बापानं लग्नाला घेतलेली उचल फिटेपर्यंत पोराचे हातही भट्टीला बांधलेले असायचे. त्यालाही मेळाव्याचं आमंत्रण नाही.

आज त्याचा नातू आमच्या शाळेत आहे. शाळेचा पट ११. त्यातली आठ पोरं कातकरी वाडीची आणि ठाकरवाडीची. गावात पहिली ते चौथीच्या वयाची पोरं कमी आहेत असं कोणी समजू नका. सकाळी सातला फाट्यावर जाऊन उभे राहा. पिवळ्या व्हॅनमध्ये एकावर एक कोंबलेली पोरं, गळ्यात टाय, पाठीला त्यांच्यापेक्षा जड दप्तर. ती सगळी आपल्याच बॅचची नातवंडं. म्हणजे शाळेत पोरं नाहीत हे अर्धंच खरं. वजनदार घरची पोरं नाहीत, हे पूर्ण खरं. ज्या शाळेत सरपंचाचं पोर नाही, पोलीस पाटलाचं नाही, दुकानदाराचं नाही, एवढंच काय शिकवणाऱ्याचं स्वतःचं नाही, त्या शाळेसाठी ग्रामसभेत आवाज कोण करणार? आठ पोरांचे आई-बाप त्या वेळी भट्टीवर असतात.

इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही. शिकावी, चांगली शिकावी. पण व्हॅनमधून येणाऱ्या पोराला मी विचारतो, तीस वजा एक किती? तो म्हणतो ट्वेंटी नाईन. एकोणतीस म्हटलं तर त्याला एकोणचाळीस वाटतं. त्याच्या आजीला ट्वेंटी नाईन कळत नाही, त्याला एकोणतीस कळत नाही. मग खळ्यावर पोती मोजायला दोघांच्या मध्ये माणूस ठेवायचा काय? सव्वा, दीड, पावणेदोन ही आपल्या बाजाराची भाषा. ती गेली की बाजारात आपल्याला कोणीही गंडवणार.

आता सरकारकडे येतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या राज्यातल्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचा निर्णय आला. बंद हा शब्द कागदावर फार आवडत नाही त्यांना, ते 'समायोजन' म्हणतात. मग वीसच्या आतल्या शाळांची मोजणी झाली. अशा शाळा निघाल्या चौदा हजारांच्या वर, त्यांत पोरं १ लाख ८५ हजारांच्या आसपास. २०२३ च्या सप्टेंबरात 'समूह शाळा' असा नवा शब्द आला. लहान लहान शाळा मिळून एक मोठी करायची, पोरांना बसनं आणायचं. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारातलं तोरणमाळ दाखवलं. २०२४ च्या मार्चात संच मान्यतेचा निर्णय आला, त्यात वीसच्या आतल्या शाळेला कायमचा शिक्षक एक, आणि दुसरा निवृत्त झालेल्यांतून. म्हणजे शाळेला टाळं लावायची गरजच नाही. माणूस काढून घेतला की टाळं आपोआप लागतं.

समूह शाळावाल्यांचं म्हणणं खोटं आहे असंही नाही. ते म्हणतात, एका वर्गात दोन पोरं, त्यांना स्पर्धा नाही, खेळायला गडी नाही, चार वर्गांना एक गुरुजी, तोही अर्धा महिना माहिती भरण्यात नाहीतर निवडणुकीच्या कामात. बरोबर आहे. अकरा पोरांत कबड्डीच्या दोन बाजू होत नाहीत. पण हा दोष त्या अकरा पोरांचा आहे काय? शिक्षण हक्काच्या कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा राज्याचाच नियम आहे. दूर पडत असेल तर सरकारनं वाहन द्यावं. हे सगळं लिहिलेलं आहे, आणि लिहिलेलं वाचायला आम्हाला याच शाळेनं शिकवलं.

एक किलोमीटर म्हणजे काय ते नकाशावर कळत नाही. आमच्या डोळखांब पट्ट्यात या, नाहीतर टोकावड्याच्या वर माळशेजच्या अंगाला जा. वाडी इकडच्या टेपावर, शाळा तिकडच्या. नकाशावर बोटभर अंतर. मध्ये ओहोळ. आषाढात त्याला पाणी आलं की जाणता माणूस पलीकडच्या माणसाला हाक मारून बोलतो, उतरत नाही. तिथून सहा वर्षांची पोर रोज जाणार? बस डांबरी सडकेपर्यंत येईल. डांबरी सडक ते वाडी ही वाट पोरानंच चालायची. आणि पहिल्या पावसात पहिली कोण घरी राहील, ते मी आजच सांगतो. पोरगी राहील. मग भट्टीवाल्याचं पोर राहील. व्हॅनवाल्याचं कोणी राहणार नाही. समूह शाळेच्या हजेरीत ही गळालेली पोरं दिसणारही नाहीत, कारण ती 'समायोजित' झालेली असतील.

कोणी म्हणतं, आश्रमशाळा आहेत की. आहेत. पण सहा वर्षांच्या पोराला आयेपासून तोडल्याशिवाय त्याला अ-आ-ई येणार नाही, हा कुठला न्याय? शहरातल्या साहेबाचं पोर सहाव्या वर्षी वसतिगृहात टाकतात काय?

मग येतो खर्च. म्हणे दहा पोरांसाठी दोन पगार परवडत नाहीत. या परवडण्याचा जुना हिशोब आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं असं, की सरकारचा महसूल येतो बहुतेक शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या लोकांच्या वरच्या शिक्षणावर. म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते सक्तीचं आणि मोफत करून दाखवलं. एका संस्थानाला परवडलं ते आज एवढ्या मोठ्या राज्याला परवडत नाही?

आणि आमच्या दोन तालुक्यांनी काय दिलं तेही खर्चाच्या बाजूला लिहा. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. मुंबई पिते त्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर. मुरबाडकडच्या बारवीच्या पाण्याखाली गावं गेली, पाणी गेलं कारखान्यांना आणि शहरांना. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्यासाठी कसाऱ्याच्या डोंगरातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पाडला. डोंगर फोडायला पैसा होता. ओहोळावर साकव टाकायला आणि अकरा पोरांना दुसरा शिक्षक द्यायला मात्र हिशोब लागतो.

गरीब घरच्या पोरींनी शाळेत यावं म्हणून १९९२ पासून सरकारनं उपस्थिती भत्ता ठेवला होता. दारिद्र्यरेषेखालच्या आदिवासी, दलित, भटक्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या पोरींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया. तीस वर्षं तो एक रुपयाच राहिला. त्या वर्षांत आमदारांचे भत्ते किती वेळा वाढले ते मोजत बसायला मला वेळ नाही, पण एक रुपया जागचा हलला नाही हे आमच्या पोरींनाही कळत होतं.

याच ठाणे जिल्ह्यानं उलटी गोष्टही पाहिलेली आहे. डहाणूजवळचं कोसबाड आज पालघर जिल्ह्यात गेलं, पण तेव्हा ते ठाण्यातच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये तिथं गेल्या. वारल्यांची पोरं गुरांमागे रानात जायची, शाळेत कशी येणार? बायांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. तिला नाव पडलं कुरणशाळा. पोर शाळेत येत नाही तर शाळा पोराकडे गेली. आज आपण म्हणतो, पोर सडकेपर्यंत चालत येऊ दे. साठ-सत्तर वर्षांत आपण पुढे गेलो की मागे?

मुरबाड तालुक्यातलंच फांगणे घ्या. ८ मार्च २०१६ ला तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानं, योगेंद्र बांगर यांनी, ती काढली. साठी-सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारच्या शाळेत बसल्या, पाटीवर नाव लिहायला शिकल्या. त्यांचे फोटो जगभर गेले. मला त्या म्हाताऱ्यांचा अभिमान आहे. पण फोटो काढणाऱ्या कितीजणांना असं वाटलं, की या बाया सहा वर्षांच्या होत्या तेव्हा कुठं होत्या? कोणी भाऊ धरला, कोणी गुरं राखली, कोणाच्या गावात शाळाच नव्हती. आज वाडीची शाळा बंद करणं म्हणजे आणखी साठ वर्षांनी लागणाऱ्या आजीबाईंच्या शाळेची आत्ताच नावनोंदणी करणं. तेव्हाही कोणीतरी गुलाबी साड्या वाटेल, फोटो काढेल.

मराठीच्या नावानं कंठ फोडणाऱ्यांनाही एक विचारायचं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या आदेशावरून राज्य पेटलं आणि सरकारला आदेश मागे घ्यावे लागले. चांगलं झालं. पण ज्या शाळेत पहिलीपासून मराठीच आहे, ती जिल्हा परिषदेची शाळा बंद पडताना रस्त्यावर कोण उतरतं? भाषा काय दर्जाच्या कागदावर राहते? ती राहते ठाकरवाडीतलं पोर पहिल्यांदा 'क' गिरवतं तिथं. तिथलं पोरच उठवलं, तर अभिजात भाषेचा पट किती राहील?

एवढं बोलून थांबलो तर हेही मेळाव्यातलंच भाषण होईल. म्हणून करायचं काय ते सांगतो.

मेळावा जरूर करा. पण सुरुवातीला आजचा हजेरीपट वाचा, मग शाली द्या. शाळेच्या सध्याच्या बाईंना पाच मिनिटं माईक द्या आणि काय कमी आहे ते त्यांच्या तोंडून ऐका. जनरल रजिस्टर काढा आणि आपल्याबरोबर पहिलीत चढलेलं प्रत्येक नाव वाचा. दहावी झालेल्यांचीच बॅच धरू नका. तिसरीतून गेलेली बाजारात बसते, तिला बोलवा. भट्टीवर गेलेला असेल तर त्याच्या घरी जाऊन या.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा असते. मुंबई-ठाण्याला राहणाऱ्या बॅचवाल्यांनी देवाच्या जत्रेला येतात तसं त्यांतल्या एका तरी सभेला यावं. शाळा बंद करायला आमची संमती नाही असा ठराव लिहून घ्यावा, त्याची सही-शिक्क्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक पालकच असतात. आज ते पालक दबून बसतात, कारण समोर साहेब आणि आपण भट्टीवाले. त्यांच्या मागे दोन शिकलेले माजी विद्यार्थी उभे राहिले तर त्यांना कंठ फुटेल.

दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या घरांची पोरं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे. आपल्या शाळेपुरती ती मागा. आजी-आजोबा मागे असतील तर त्या घरी दोन माणसांचं धान्य पुरवायला एका बॅचच्या फेट्यांचा खर्च पुरतो. मी हिशोब केला आहे, पुरतो.

आणि ज्यांच्या घरात पाच-सहा वर्षांचं पोर आहे, त्यांनी एकदा व्हॅनच्या शाळेचा वर्ग आत बसून बघावा, एकदा आपल्या शाळेचा बघावा. मग ठरवावं. न बघता ठरवू नये. गावातली चार घरं परत आली तरी पट पंधरावर जातो.

हे जमणार नसेल तर पुढच्या मेळाव्याच्या बोर्डावर 'माजी विद्यार्थी' याच्या शेजारी 'माजी शाळा' असंही लिहून टाका. मंडप तिथंच पडेल, खोली मोकळीच असेल. पाच वर्षांनी मतदानापुरती उघडेल.

शाळा जूनच्या मध्यात उघडते. लावणीच्या आधीचे दिवस, गावी यायला अवघड नाही. त्या दिवशी या. फेटा नको. पहिलीच्या पोराचा हात धरून त्याला ओहोळापलीकडून आणायला माणूस पाहिजे.